येतो की गेला

वस्तादाचा उजवा हात थरथरू लागला ही गोष्ट सर्वांत आधी गिऱ्हाइकांना कळली, मग बायकोला आणि सर्वांत शेवटी वस्तादाला. वस्ताद हे काही त्याचे नाव नव्हे. पण त्याचा वस्तरा इतका हलका चाले की गिऱ्हाईक दाढी होता होता खुर्चीतच घोरू लागे, म्हणून सगळा रस्ता त्याला वस्ताद म्हणे. ज्या हातावर दुकान चालते तो हात हलू लागला की दुकानही हलते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी वस्ताद बरेच दिवस कात्रीला दोष देत राहिला. मग खुर्चीला, आणि मग गिऱ्हाइकांच्या मानांना. एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाची डावी मिशी उजवीपेक्षा बोटभर आखूड झाली, आणि दोन्हींत सारखेपणा आणण्याच्या नादात दोन्ही गेल्या. गिऱ्हाइकाने आरशात बघितले. उठताना त्याने वस्तादाच्या पाठीवर फक्त हलकेच थोपटले, आणि ते वस्तादाला शिवीपेक्षा जास्त लागले.

"अहो, आता तरी दवाखान्यात जा," बायको म्हणाली. "आज मिशी गेली, उद्या कान जाईल."

गावातले मोठे रुग्णालय अशा आजारांसाठी प्रसिद्ध होते. उपचारांसाठी नव्हे, नोंदवहीसाठी. हात थरथरणारा जो कोणी त्या इमारतीच्या पायरीवर चढला असेल, त्याचे वय, वजन, व्यवसाय, येणे-जाणे सारे त्या नोंदवहीत वर्षानुवर्षे जमा होत आले होते. पूर्वी ती कागदी होती, आता संगणकात होती. रुग्णालयाच्या भिंतींना ओल आली होती, एक लिफ्ट कायमची मधल्या मजल्यावर राहायला गेली होती, पण नोंदवहीत एक रकाना रिकामा सापडला असता तर शपथ.

वस्तादासमोर बसलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि पडद्याकडे बघून बोलत होत्या.

"दोन उपचार आहेत. एक गोळी आणि एक मनगटाचा पट्टा. दोन्ही चांगले आहेत. त्यातलं जास्त चांगलं कोणतं, ते कुणालाच माहीत नाही."

"तुम्हालासुद्धा?"

"मला तर मुळीच नाही. म्हणून तर अभ्यास चाललाय."

"मग तुमच्या मनाला येईल त्याची चिठ्ठी लिहून द्या की."

"चिठ्ठी आता आम्ही लिहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिठ्ठी निघते."

आणि त्यांनी चिठ्ठ्या काढणाऱ्या यंत्राची कळ दाबली. हे ऐकायला जुगारासारखे वाटेल, पण त्यात तथ्य होते. डॉक्टरच्या मर्जीवर सोडले तर धट्ट्याकट्ट्यांना एक उपचार जातो, खंगलेल्यांना दुसरा, आणि मग गुण उपचाराचा की प्रकृतीचा ते कळत नाही. यंत्राला मर्जी नसते. डॉक्टरीणबाईंना तर या पद्धतीने फार हलके वाटू लागले होते. अलीकडे जेवायला आधी जावे की राहिलेले रुग्ण आधी तपासावेत हेही त्या यंत्रालाच विचारत, आणि यंत्र निःपक्षपाती असल्यामुळे निम्मे दिवस रुग्ण उपाशी राहत आणि निम्मे दिवस डॉक्टरीणबाई.

वस्तादाची चिठ्ठी निघाली गोळीची. त्याच्या शेजारी बाकावर बसलेल्या, कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका ताईंची पट्ट्याची निघाली. त्यांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता.

"मग दाखवायला कधी येऊ?" वस्तादाने विचारले.

"यायचं नाही. तीच तर या अभ्यासाची खुबी आहे. पूर्वी एकेका रुग्णाला परत परत बोलवायचं, तपासायचं, विचारायचं. केवढी माणसं लागायची, केवढा व्याप. आता आपली नोंदवही आयती आहे. आम्ही तुम्हाला काही विचारणार नाही, तपासणार नाही, बघणार नाही."

"पण हात थांबला की नाही ते?"

"नोंदवहीतून कळेल."

वस्ताद भारावला. आपल्याकडे न बघता आपले सगळे कळणारी माणसे त्याला आजवर फक्त सासरी भेटली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला भलीमोठी बाटली दिली. ती संपेपर्यंत अभ्यास संपेल, आणि मग जो उपचार जिंकेल तोच सगळ्यांना मिळेल, असे सांगितले. बाजारात ही गोळी मिळत नव्हती. मिळणार होती ती फक्त इथे, आणि तीही जिंकली तर.

रुग्णालयातून बाहेर पडायला एकच वाट होती आणि त्या वाटेवर निर्गमन खिडकी होती. खिडकीत एक बाई बसत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्या दोनपैकी एका रकान्यात करत. एका रकान्याचे नाव होते 'येतो' आणि दुसऱ्याचे 'गेला'. ही नावे कोणी, कधी आणि का ठरवली, ते माहीत असणारा माणूस निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली होती. बाईंना लेखी सूचना एकच होती: रुग्ण निघताना काय म्हणतो ते नोंदवावे, स्वतःची अक्कल चालवू नये. बाईंनी त्या सूचनेचा आजवर कधी भंग केला नव्हता.

अभ्यास आखणाऱ्या विद्वानांना हा रकाना सापडला तेव्हा ते आनंदाने नाचले म्हणतात. त्यांनी व्याख्या केली. ज्याची नोंद 'गेला', त्याची उपचारांची गरज संपली, म्हणजे तो बरा. ज्याची नोंद 'येतो', त्याला परत यावे लागणार, म्हणजे तो आजारी. नवा कागद नको, नवा माणूस नको, नवा प्रश्नसुद्धा नको.

आता निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आपल्यातल्या प्रत्येकाला बोलायला शिकतानाच शिकवलेले असते. 'जातो' म्हणतो तो भांडून निघालेला. आणि 'गेला' तर ज्याच्याबद्दल म्हणतात त्याला ते ऐकूच येत नाही. हे विद्वानांनाही ठाऊक होते. घरातून निघताना तेही बायकोला 'येतो' म्हणूनच निघत. पण ते घरी.

"येतो हं, बाई," वस्ताद म्हणाला.

पहिल्या भेटीची खूण धरली जात नसे. तरी बाईंनी ती केली.

गोळीने गुण आला. थोडाथोडका नव्हे, चांगला घसघशीत आला. आधी पेला धरताना पाणी सांडायचे थांबले, मग कात्री लयीत चालू लागली, आणि एके दिवशी एक गिऱ्हाईक खुर्चीत घोरले. वस्ताद त्या घोरण्याकडे कान देऊन उभा राहिला. त्याला भरून आले. असे सुख आपल्याला परत मिळेल असे त्याला वाटले नव्हते. मिशी गमावलेला माणूससुद्धा नव्या मिशीसह परतला आणि डोळे मिटून बसला.

आता चांगल्या माणसाने अशा वेळी काय करावे? आभार मानावेत. वस्ताद रुग्णालयात गेला. डॉक्टरीणबाई कामात होत्या, म्हणून दारातूनच हात जोडले आणि परत फिरला. निर्गमन खिडकीपाशी रांग होती. सर्वांत पुढे शिवणकामवाल्या ताई होत्या. त्यांचा पट्टा मनगटावर भुणभुणत होता. तो विजेवर चाले आणि स्वतःच इतका थरथरे की त्यात हाताचे थरथरणे वेगळे ओळखू येत नसे. ताई तो परत द्यायला आल्या होत्या, पण पट्टा परत घ्यायला रकाना नव्हता.

"सुईला हात लावला की दोन बोटं टोचून घेते मी," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "कुणी ऐकूनच घेत नाही इथं. जाते मी. परत पाऊल ठेवायची नाही."

"छान," बाई म्हणाल्या आणि 'गेला'वर खूण केली. प्रत्येक नोंदीनंतर त्या 'छान' म्हणत. ते त्यांच्या तोंडात बसले होते.

ताईंच्या मागे एक उतरलेल्या चेहऱ्याचा माणूस होता. "बाबांच्या नावानं नोंद आहे," तो म्हणाला. "पट्टा होता त्यांना. बाबा गेले."

"कधी?"

"परवा. म्हातारपणानंच. झोपेतच गेले."

"छान," बाई म्हणाल्या. रुग्णालयाचा अभिनंदनाचा संदेश तिथल्या तिथे त्याच्या फोनवर आला: आपण पूर्ण बरे झाल्याबद्दल आनंद होतो.

मग वस्तादाची पाळी आली. तो हसला, चांगला अदबीने झुकला आणि म्हणाला, "येतो, बाई."

बाटली तळाला लागू लागली तसा वस्ताद जरा काळजीत पडला आणि निकालाची चौकशी करायला गेला. डॉक्टरीणबाईंनी पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"तुमची तब्येत फारच ढासळलेली दिसतेय."

"माझी? अहो, मी ठणठणीत आहे. हे बघा." वस्तादाने हात पुढे केला. त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. डॉक्टरीणबाईंनी चटकन मान फिरवली.

"कृपा करून दाखवू नका. तुमचा हात बघितला तर माझं मत बनेल. मत बनलं की अभ्यास नासतो."

"पण मी बरा आहे."

"असं तुम्ही म्हणता. नोंदवही म्हणते, तुम्ही परत परत येताय. बरा माणूस दवाखान्यात कशाला येईल?"

"बरा झालो हे सांगायला आलो होतो ना."

"तेच ते. आलात." त्यांचा आवाज खरोखर कळवळलेला होता. "आणि तुम्ही एकटे नाही. सगळ्या गोळीवाल्यांचं हेच चाललंय. जो तो 'येतो'. पट्टेवाले बघा, एकदा गेले की गेले."

वस्ताद घरी येऊन बायकोपुढे सगळे घडाघडा बोलला. बायको हुशार होती. तिने शेवटचा धागा बरोबर धरला.

"तुम्ही निघताना खिडकीवर काय म्हणता?"

"काय म्हणणार? येतो म्हणतो."

"मग जातो म्हणा ना एकदाचं."

वस्तादाने मनातल्या मनात म्हणून बघितले. जातो. हा शब्द कळत्या वयात त्याच्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता. लहानपणी एकदा पडला होता तेव्हा आईने उलट्या हाताची दिली होती. तरी पोटाचा प्रश्न होता. तो दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेला, रुग्णालयात उगाच एक फेरी मारली आणि खिडकीसमोर छाती काढून उभा राहिला.

"निघतो," तो म्हणाला.

बाईंनी वर बघितले. "निघतो असा रकाना नाही. निघतो म्हणजे येतो की गेला?"

"बरंय मग."

"बरंय असाही नाही."

"चलतो."

"कुठं?"

मागची रांग कुरकुरू लागली. "मी गेलो असं धरा," तो कसाबसा म्हणाला.

"ते तुम्हाला म्हणता येत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "गेला हे तिसऱ्या माणसानं सांगायचं असतं. घरचं कोणी आहे का सोबत?"

घरचे कोणी सोबत नव्हते. मागून कुणीतरी ओरडले, वस्ताद गांगरला, आणि गांगरलेला माणूस जे लहानपणापासून बोलत आला तेच बोलतो. "माफ करा, बाई. येतो," तो म्हणाला.

"छान."

घरी त्याने बायकोला गळ घातली. एकदाच जायचे, खिडकीवर उभे राहायचे आणि तीन शब्द बोलायचे: आमचे हे गेले. बायकोने हातातले लाटणे खाली ठेवले.

"मी? माझ्या तोंडानं म्हणू, हे गेले?"

"अगं, ते नुसतं रकान्यापुरतं."

"रकाना गेला चुलीत. तुमचा हात थरथरला तरी चालेल मला, उद्यापासून मी कात्री धरीन. पण हे असलं अभद्र माझ्याकडून वदवून घेऊ नका." आणि ती रडू लागली. रडता रडता तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. हात शांत होता. गोळ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

तेव्हा वस्तादाने शेवटचा उपाय केला. गोळीने बरे झालेले जेवढे भेटतील तेवढे गोळा केले. पाट्या रंगवणारा होता, कुलपे दुरुस्त करणारा होता, एक दंतवैद्य होता, ज्याने आपला व्यवसाय कुणाला सांगू नये अशी सगळ्यांना विनवणी केली होती. असा जथा घेऊन वस्ताद थेट नोंदवहीप्रमुखांच्या खोलीत गेला. प्रमुखसाहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांना बसवून घेतले, हात खिशात ठेवून सगळ्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले आणि मान डोलावली.

"मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पण हे किस्से आहेत. एक माणूस बरा झाला हा एक किस्सा. वीस माणसं बरी झाली हे वीस किस्से. नोंदवहीत उतरलं की मग त्याचा पुरावा होतो."

पाट्या रंगवणारा उठला. त्याने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पट्टीशिवाय सरळ रेघ ओढली.

"सुंदर," प्रमुखसाहेब मनापासून म्हणाले. "पण रेघेला रकाना नाही."

मंडळी उठली. वस्तादाने बाहेर पडण्यापूर्वी सगळ्यांना बजावले होते की काही झाले तरी खिडकीवर येतो म्हणायचे नाही. पण प्रमुखसाहेबांनी चहा पाजला होता, दारापर्यंत सोडायला आले होते. इतक्या चांगल्या वागणुकीनंतर खिडकीवर जाऊन तिरसटासारखे जातो म्हणायला जीभ कुणाची वळणार? पाट्या रंगवणाऱ्याने आधी येतो म्हटले. कुलूपवाल्याने म्हटले. दंतवैद्याने तर "येतो, पुन्हा भेटूच" म्हटले. खूण करून करून बाईंचे बोट दुखले.

त्या एका दुपारने निकाल लावला. अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या सुरक्षा समितीची तातडीची बैठक झाली. गोळी घेणाऱ्यांची प्रकृती इतकी बिघडली आहे की ते आता थव्यांनी रुग्णालयात धाव घेत आहेत, असे समितीला स्पष्ट दिसले. उलट पट्टेवाले बहुसंख्येने गेले होते. फरक इतका मोठा होता की अभ्यास पूर्ण होईपर्यंत थांबणे समितीला माणुसकीला धरून वाटले नाही. रुग्णांच्या हितासाठी गोळी तत्काळ बंद करण्यात आली आणि सर्वांना पट्टा बांधावा असे ठरले. थोड्या खर्चात, थोड्या माणसांत, कुणालाही त्रास न देता इतका निर्विवाद निकाल आजवर कुणी लावला नव्हता. प्रमुखसाहेबांचा ठिकठिकाणी सत्कार झाला.

वस्तादाची बाटली संपली. हात आधी हळूहळू आणि मग जोरात हलू लागला. मिशीवाले गिऱ्हाईक एकदा दारापर्यंत आले, आत वाकून बघितले आणि काहीतरी आठवल्यासारखे करून निघून गेले. बायको खरेच कात्री शिकू लागली होती, पण गिऱ्हाइके तिच्यापुढे मान द्यायला बिचकत. दुकानाचे निम्मे सामान विकायला काढावे की काय, असे घरात बोलणे निघू लागले. शेवटी वस्ताद गेला आणि पट्टा बांधून घेतला.

पट्टा बांधल्या बांधल्या भुणभुणू लागला. मग चावू लागला. मग तापला. वस्तादाने बाहेर येईपर्यंत दात दाबून धरले होते, पण खिडकीसमोर आल्यावर ते सुटले. मिशी आठवली, बायकोचे रडणे आठवले, भिंतीवरची ती रेघ आठवली.

"आग लागो तुमच्या नोंदवहीला," तो म्हणाला. "जातो मी. जातो!"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "छान," त्या म्हणाल्या, "आणि अभिनंदन."

पट्टा बांधल्यापासून बरा होईपर्यंत इतका कमी वेळ घेतलेला रुग्ण नोंदवहीत दुसरा नव्हता. शिवाय तो आधी गोळीने अत्यवस्थ झालेला. पट्ट्याच्या प्रचारासाठी रुग्णालयाला एक चेहरा हवाच होता. तेव्हा एके दिवशी सकाळी प्रमुखसाहेब स्वतः दुकानात आले. बरा झालेला रुग्ण पट्टा बांधलेल्या हाताने खुद्द प्रमुखांची दाढी करतो आहे, असा फोटो काढायचा होता. फोटोग्राफर बाहेर रस्त्यावर आपले सामान मांडू लागला. प्रमुखसाहेब खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि गळा वर केला.

वस्तादाने फेस लावला. त्यातला थोडा साहेबांच्या गालाला लागला, थोडा कानाला आणि बराचसा आरशाला. मग त्याने वस्तरा उघडला. आरशात वस्तऱ्याचे पाते लुकलुकताना दिसले आणि साहेबांनी डोळे उघडले.

"तुमचा हात हलतोय," ते म्हणाले.

"नोंदीप्रमाणे बरा आहे, साहेब."

"थांबा, थांबा जरा."

"तुम्ही हलू नका. दोघं हललो तर कठीण आहे."

साहेब हलले. त्यांनी गळ्याभोवतालच्या फडक्याखाली हात घातला, खिसा चाचपला आणि एक बाटली बाहेर काढली. वस्तादाने ती दुरूनही ओळखली असती. साहेबांनी एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि सवयीने दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली.

"तुम्ही घेता?" वस्तादाने विचारले.

"बरीच वर्षं. माझा हात तुमच्यापेक्षा वाईट होता."

"आणि पट्टा?"

"छे, हो. पट्ट्यानं काय होतंय?"

"मग नोंदवहीत..."

"माझं नाव नोंदवहीत नाही."

"मग गोळीनं गुण येतो हे तुम्हाला कळलं कसं, साहेब?"

"हात बघून," प्रमुखसाहेब म्हणाले. असा बाळबोध प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा.

गोळीचा असर व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून फोटोग्राफरला चहाला पाठवण्यात आले. तेवढ्या वेळात दोघांचे बोलणे झाले. साहेबांच्या कपाटात गोळ्यांचा भरपूर साठा होता. अभ्यासातून परत घेतलेल्या साऱ्या गोळ्या कुठे तरी ठेवायच्याच होत्या. दोन माणसांना जन्मभर पुरतील, असे ते म्हणाले. तिसऱ्याला पुरतील असे म्हणाले नाहीत. मोबदल्यात वस्तादाने काही करायचे नव्हते. पट्टा मनगटावर ठेवायचा, बटण बंद ठेवायचे आणि कुणी विचारले तर नोंदीप्रमाणे सांगायचे. वस्तादाने आरशात बघितले. मागे परसदारी बायको उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. हात थांबत आला होता.

फोटो फार छान आला. रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर तो माणसापेक्षा मोठा करून लावला आहे.

दुकान पुन्हा भरू लागले. गिऱ्हाइके पुन्हा घोरू लागली. अशाच एका गर्दीच्या दुपारी शिवणकामवाल्या ताई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. शिवणयंत्र त्यांनी विकून टाकले होते. त्यांनी तो फोटो बघितला होता.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही आपल्यातलेच, म्हणून विचारते. पट्ट्यानं खरंच गुण येतो का हो? मी तर वैतागून फेकून दिला होता. पुन्हा बांधू का?"

वस्तादाच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली एक गिऱ्हाईक झोपले होते. फण्यांच्या खणात बाटली होती. ताईंनी आपला हात आपल्याच दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. तरी तो उडत होता. वस्तादाला लाज वाटली, खरीच वाटली. पण खणाकडे हात गेला नाही. बाटलीकडे बघताना त्याला वाटेकरू दिसत होता आणि वाटेकऱ्यामागे आणखी वाटेकरू.

"येतो, ताई," तो म्हणाला. "वेळ लागतो जरा. बांधा."

"तुमचा हात बघितला की धीर येतो," ताई म्हणाल्या आणि पट्टा शोधायला घरी गेल्या.

हे वाचून वस्तादाचा राग आला असेल. येणारच. ज्यांच्या हातातले हे पान या क्षणी हलत नाही, त्यांना रागवायला मुळीच हरकत नाही.